धडकलेली गाडी धुवायची नाही

मेश्राम मॅडमच्या मोपेडवर मागे बसायची वेळ माझ्यावर एकदाच आली. त्या एका फेरीत मी जेवढा घाबरलो तेवढा पुढे अमेरिकेच्या व्हिसाच्या खिडकीपुढेही घाबरलो नाही. आम्ही विश्रांतवाडीच्या आमच्या वर्कशॉपमधून सुटे भाग आणायला निघालो होतो. येरवड्याच्या अलीकडे एक टेम्पो आम्हाला ओलांडून पुढे गेला. मॅडमनी मान कलती करून त्याच्याकडे पाहिलं, "बाप्पा" म्हणाल्या, आणि दुकानाचा रस्ता सोडून त्या टेम्पोच्या मागे लागल्या.

"देवधर, त्याची मागची चाकं पाहा. पुढच्या चाकांच्या मागून जाऊन राहिली का?"

मी डोळे मिटून बसलो होतो. मोपेडला वेग कसला असणार, पण मॅडम ती दोन बसच्या मधून काढत होत्या.

"नाही नं? तिरका चालून राहिला तो. एक्सल सरकला त्याचा."

पूल ओलांडून पुढच्या सिग्नलला त्यांनी टेम्पो गाठला आणि मोपेड त्याच्या आडवी घातली. टेम्पोवाला उतरला तोच हात जोडून. "ताई, कट बसला का? दिसला नाहीत हो." मॅडम म्हणाल्या, "मला काही नाही झालं. तुमच्या गाडीला झालं आहे. बाजूला घ्या." आणि खरोखर पदर खोचून त्या टेम्पोखाली वाकल्या. पुण्यात असं काही घडलं आणि माणसं जमली नाहीत असं होत नाही. एक गृहस्थ हातातली भाजीची पिशवी सावरत म्हणाले, "कोण कुणाला धडकलंय नक्की?" मॅडमनी खालूनच उत्तर दिलं, "अजून कोणी नाही."

त्या टेम्पोचा मागचा एक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा, खरंच सरकलेला होता. मॅडमनी खडूने चाकाजवळ एक फुली मारली, टेम्पोवाल्याला जवळचं गॅरेज सांगितलं आणि हात झटकून मला म्हणाल्या, "चला, उशीर झाला." जसं काही उशीर मीच केला होता.

तर अशा आमच्या मेश्राम मॅडम. शीला मेश्राम. वर्कशॉपच्या फोरमन. बाईला फोरमन म्हणायचं की आणखी काही, यावर आमच्या ऑफिसात बरीच चर्चा झाली होती. शेवटी मॅडमनीच स्वतःच्या खुर्चीमागे खडूने 'फोरमन' लिहून ती मिटवली. भंडाऱ्याकडच्या. वडील रेल्वेत फिटर. लहान असताना ते आपल्या बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेच्या सोहळ्याला नागपूरला गेले होते. त्या गर्दीतलं त्यांना फक्त लोकांच्या डोक्यांचं पांढरं मैदान आठवायचं, असं मॅडम सांगत. त्या वडिलांनी पोरीला डिप्लोमाला पुण्यात पाठवताना एकच वाक्य बरोबर दिलं होतं: मोजल्याशिवाय मान हलवायची नाही. मॅडमनी ते इतकं मनावर घेतलं होतं, की कॅन्टीनवाल्याने "चहा चांगला झालाय ना?" विचारलं तरी त्या आधी एक घोट घेत, थांबत, आणखी एक घोट घेत, आणि मगच होय म्हणत.

अंगावर साडी, साडीवर निळा डगला, अंबाड्यात पेन्सिल, डगल्याच्या एका खिशात पोलादी टेप आणि दुसऱ्यात खडू. ऑफिसात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत. पण गाडीखाली गेल्या, काही सापडलं, की भाषा थेट भंडाऱ्याला पोचायची. आम्हाला बाहेरून कळायचं. "जुळत नाही" असा आवाज आला तर अजून शोध चालू आहे. "काहून बाप्पा हे असं?" आलं, की सापडलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असे. पाने, जॅक, हातोडे ओळीने मांडून हळदकुंकू, झेंडू. मॅडम पूजेला बसत नसत, पण त्या दिवशी सगळ्यांत आधी त्याच येत. कपाटातून वडिलांनी दिलेली एक पोलादी पट्टी काढत आणि वर्कशॉपमधली प्रत्येक टेप, प्रत्येक गेज त्या पट्टीशी लावून पाहत. ज्याचं माप चुकतं ते बाजूला. "पूजा तुमची, तपासणी माझी. खोटं बोलणाऱ्या टेपीला फूल वाहून काय उपयोग?" एका वर्षी त्यांनी मालकांची स्वतःची, परदेशातून आणलेली टेप बाद केली. प्रसादाचा पेढा मात्र मॅडम सगळ्यांत आधी खात.

आता मी तिथे काय करत होतो, तेही सांगायला हवं. त्या वर्षांत पुण्यात जो तो कॉम्प्युटरच्या क्लासला जात होता. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत चार मुलं अमेरिकेत पोचली होती आणि पाचवा मीच असणार, अशी आईची खात्री होती. मधल्या काळात काहीतरी करायचं म्हणून मी या वर्कशॉपमध्ये लागलो, कारण तिथे चाकांची अलाइनमेंट तपासणारं कॉम्प्युटरचं मशीन नुकतंच आलं होतं. गाडीच्या पुढच्या दोन चाकांना दोन सेन्सर लावायचे, पडद्यावर हिरवे-लाल आकडे उमटायचे, आणि शेवटी छापील कागद बाहेर यायचा. नारळ फोडून त्याचं उद्घाटन झालं, गिऱ्हाइकं काचेबाहेर उभं राहून ते पाहायची. त्या मशीनपुढे बसताना मी स्वतःला निम्मा अमेरिकेत समजत असे.

कोणाला वाटेल, मॅडमना मशीन आवडलं नसणार. उलट त्याच्यावर सगळ्यांत जास्त जीव त्यांचाच. पहिल्या दिवशी त्यांनी मला चाळीस प्रश्न विचारले आणि त्यांतल्या सदतीसांची उत्तरं मला येत नव्हती. इंग्रजी पुस्तिका घरी नेली, डिक्शनरी लावून वाचली आणि परत आणली तेव्हा समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत टिपा होत्या. "किती सुंदर यंत्र आहे हो देवधर. फक्त त्याला विचारायचं काय, ते आपल्याला ठरवावं लागते." मी हो म्हणालो. मला वाटलं, जुन्या माणसांना कॉम्प्युटरबद्दल असंच काहीतरी बोलायचं असतं. खरं तर त्या माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या होत्या.

मॅडमचे नियम दोनच. पहिला फळ्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला: धडकलेली गाडी धुवायची नाही. इतर गाड्या आल्या आल्या वॉशिंगला जायच्या, तशी पद्धतच होती. पण अपघाताची गाडी जशी आली तशी मॅडमपुढे उभी राहायची, चिखलासकट. "चिखल कुठे तडकला, बोल्टभोवतीचं कडं कुठे सरकलं, सगळं त्यात लिहिलेलं असते. पाणी मारलं की पाटी कोरी." दुसरा नियम लिहिलेला नव्हता. गाडी पाहण्याआधी त्या ड्रायव्हरला विचारायच्या, "हात सांगा." म्हणजे गाडी चालवताना हातांना काय वाटतं ते सांगा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं बाई हात पाहून भविष्य सांगणार आहेत. एकाने खरोखर तळहात पुढे केला होता.

त्या सोमवारी मॅडम बँकेच्या कामाला गेल्या होत्या. सकाळी लोणी काळभोरच्या एका कॉलेजची जीप आली. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, पुढे-मागे अखंड लोखंडी एक्सल असलेली दणकट गाडी. आठवड्यापूर्वी सोलापूर रस्त्यावर ती एकदम डावीकडे जाऊन कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळली होती. आत बसलेल्या ग्रंथपाल बाईंचा हात मोडला. बरोबर दोन माणसं आली होती. एक भागवत साहेब, कॉलेजच्या गाड्यांचे प्रमुख, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. दुसरा नामदेव, ड्रायव्हर, पन्नाशीचा. तो गाडीपासून दहा पावलं लांबच उभा होता.

भागवत साहेबांनी मला थोडक्यात सांगितलं. "चौकशी समितीला अलाइनमेंटचा रिपोर्ट हवाय. ड्रायव्हर म्हणतो गाडीने ओढलं. आमचं म्हणणं, डुलकी लागली. गाडीत दोष नसेल तर कागदावर तेवढं येऊ द्या."

नामदेव लांबूनच म्हणाला, "डुलकी न्हाय लागली, सायेब. सकाळचे दहा वाजलेले. गाडी डावीकडं वढत हाय, म्या कवाधरनं सांगतोय."

"बावीस वर्षं झाली त्याला," भागवत साहेब मला हळूच म्हणाले. "म्हणून तर वाईट वाटतं. पण बाईंचा हात मोडलाय."

जीपच्या पोटाखाली शेतातल्या चिखलाचा जाड थर होता. माझे सेन्सर नवे. त्यांच्यावर चिखल पडेल या विचाराने माझा जीव वरखाली झाला. फळा समोरच होता. मी तो वाचला, आणि वॉशिंगवाल्याला म्हणालो, "घे रे, खालून चांगलं प्रेशर मार." हे मी का केलं याला आजही माझ्याकडे धड उत्तर नाही. आमच्या घरी बाहेरून येणाऱ्याने आधी पाय धुवायचे, तेवढंच कारण.

मग सेन्सर लावले. पडद्यावर सगळे आकडे हिरवे. पुढची चाकं एकमेकांशी अगदी समांतर, उभी, निर्दोष. मी कागद छापला, खाली ऐटीत सही ठोकली आणि भागवत साहेबांच्या हातात दिला. नामदेवने विचारलं, "काय निघालं, सायेब?" मी म्हणालो, "गाडी ओके आहे." त्याने मान हलवली आणि गेटजवळच्या बाकावर जाऊन बसला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

मॅडम आल्या तेव्हा जीप ओली चिंब उभी होती आणि खालून काळं पाणी गटारात चाललं होतं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "देवधर साहेब," असं म्हणाल्या. एरवी नुसतं देवधर असे. माझे कान तापले.

मग भागवत साहेबांना त्या म्हणाल्या, "तो कागद अजून नेऊ नका. तासभर द्या मला."

"कागदात चूक आहे का?"

"एकही आकडा चुकलेला नाही. पण यंत्राला फक्त पुढच्या दोन चाकांबद्दल विचारलं आहे. ती एकमेकांशी सरळ आहेत. पूर्ण गाडीशी आहेत का, हे कोणी विचारलंच नाही." मला उद्देशून त्या म्हणाल्या, "खाटेचे पाय खाटेशी सरळच असतात. खाट भिंतीला तिरकी आहे का ते वेगळं पाहावं लागते."

आणि मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मॅडमनी स्टेअरिंग सरळ धरायला लावलं. चारही चाकांच्या बरोब्बर मध्यातून ओळंबा, गवंड्याचं दोरीला बांधलेलं वजन, सोडला आणि त्याचं टोक जिथे टेकलं तिथे खडूने ठिपका दिला. चार ठिपके. मग आम्ही सगळ्यांनी जीप ढकलून मागे नेली. फरशीवर नुसते चार ठिपके उरले आणि मॅडम त्यांच्यामध्ये टेप घेऊन गुडघ्यांवर बसल्या. उजवीकडच्या पुढच्या ठिपक्यापासून मागच्यापर्यंत. डावीकडच्या पुढच्यापासून मागच्यापर्यंत. पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

"काहून बाप्पा हे असं?"

आख्खं वर्कशॉप हातातलं काम टाकून धावलं. डावी बाजू आखूड होती, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. म्हणजे पुढचा अखंड एक्सल डाव्या टोकाला मागे सरकला होता. चाकं त्याच्यावर ताठ उभी राहून माझ्या मशीनला हिरवा कंदील दाखवत होती, आणि गाडी डावीकडे ओढत होती. खरं सांगतो, लाज वाटायच्या आधी मला नवल वाटलं. फरशीवरच्या चार ठिपक्यांत एवढं दिसू शकतं, हे मला कोणत्याही क्लासमध्ये शिकवलं नव्हतं.

भागवत साहेब मात्र हलले नाहीत. "मान्य. सरकलाय. पण डावी बाजूच ट्रॉलीवर आदळली ना? मग सरकणारच. धडकेने सरकला, की सरकल्यामुळे धडकली?"

"बरोबर प्रश्न," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला. "पयले पाहू, मंग बोलू."

एक्सल स्प्रिंगच्या कमानपाट्यांना जिथे बांधलेला असतो तिथे पाट्यांच्या मधून एक जाड बोल्ट जातो. तो एक्सलला जागेवर धरतो. मॅडमनी डाव्या बाजूचं बांधकाम सोडवायला लावलं. बोल्ट दोन तुकड्यांत बाहेर आला. मॅडमनी तुकडा उन्हात धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गुळगुळीत. उरलेला अर्धा खरखरीत, दाणेदार, त्यावर पिवळसर गंजाची झाक.

"काळा भाग जुना आहे," मॅडम म्हणाल्या. "कित्येक दिवस अर्धा तुटलेलाच चालून राहिला. उरलेला अर्धा धडकेच्या दिवशी तुटला."

भागवत साहेबांनी चष्मा वर केला. "गंज दोन्हीकडे दिसतोय, मॅडम. आणि गाडीला सकाळी तुमच्याच माणसाने पाणी मारलंय. जुना कोणता आणि तुमच्या पाण्याचा कोणता, हे समितीपुढे मी कसं सांगू?"

चिखल असता तर एक्सल आधीपासून सरकत असल्याचा जुना माग पाट्याखाली त्यात दिसला असता. मॅडमनी नंतर मला दाखवलं, कुठे दिसला असता ते. आता तिथे लखलखीत लोखंड होतं. बाकावरून नामदेव उठून जवळ आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. बावीस वर्षांची नोकरी आणि गावात तोंड दाखवायची सोय मी पाइपाने धुऊन टाकली होती, आणि हे त्याच्या आधी मला कळलं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मॅडमनी बोल्ट फडक्यात गुंडाळून ठेवला. "नामदेवराव, या. गाडीत बसा."

नामदेव दारापाशी अडखळला. धडकेनंतर तो त्या सीटवर बसला नव्हता. मॅडम दार धरून उभ्या राहिल्या, तो बसेपर्यंत.

"डोळे मिटा. सोलापूर रस्ता. सरळ. पुढे कोणी नाही. हात सांगा."

"म्हंजी काय सांगू?"

"सांगू नका. धरा."

नामदेवने डोळे मिटून स्टेअरिंगवर हात ठेवले. गाडी जागेवरच उभी, स्टेअरिंगचं चाक अगदी सरळ. त्याचा डावा हात वर गेला आणि उजवा हात खाली, इतका खाली की कोपर दाराला टेकलं. खांदाही उजवीकडे कलला. डावीकडे ओढणारी गाडी उजवीकडे दाबून धरलेला माणूस आमच्यासमोर बसला होता, आणि त्याला स्वतःला त्याची कल्पना नव्हती. मॅडमनी डोळे उघडायला सांगितलं. त्याने हात पाहिले आणि दचकून सरळ केले.

वॉशिंगवाला माझ्या कानाशी पुटपुटला, "च्यायला." माझ्याही तोंडात तेच होतं.

"नाटक आहे," भागवत साहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज थोडा चढला होता. "स्टेअरिंग एवढं वाकडं असतं तर कोणाला दिसलं नसतं? स्टेअरिंग सरळ होतं, मी स्वतः पाहिलंय. रोज येऊन रडायचा, स्टेअरिंग वाकडं, स्टेअरिंग वाकडं. म्हणून धडकेच्या चार दिवस आधी डेपोत मी ते काढून सरळ बसवून घेतलं. आम्ही काही लक्ष देत नाही असं म्हणू नका."

मॅडमनी मान हलवली नाही. एक घोट, थांबणं, दुसरा घोट, तसं चाललं होतं बहुधा.

"रोज यायचा?"

"महिनाभर."

"आणि एक्सल कोणी पाहिला नाही. स्टेअरिंग वाकडं दिसते म्हणून स्टेअरिंगच सरळ बसवलं."

मॅडमनी स्टेअरिंगच्या मधलं झाकण काढलं. स्टेअरिंगचं चाक दांड्यावरच्या दातांवर बसतं; दांड्यावर एक खूण आणि त्या चाकावर एक खूण असते, दोन्ही समोरासमोर यायला हव्यात. त्या दोन दातांनी हुकल्या होत्या. म्हणजे एक्सल धडकेच्या आधीच सरकला होता. चार दिवस आधी स्टेअरिंग सरळ झालं होतं, महिनाभराच्या सवयीचे हात मात्र अजून जुन्याच जागी होते.

भागवत साहेबांनी वाकून त्या दोन खुणा पाहिल्या. मला वाटलं आता हा माणूस कागद उचलून निघून जाणार. मॅडम म्हणाल्या, "आत्ता बोललात ते लिहून द्याल?"

त्यांनी खिशातली दोन्ही पेनं काढली, एक परत ठेवलं. "द्या कागद. चूक माझी आहे, निदान अक्षर तरी चांगलं येऊ दे." आणि माझ्या मशीनशेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी पानभर लिहिलं. अक्षर खरोखर सुंदर होतं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात त्या दिवसापासून आदर आहे.

मॅडमनी आपला रिपोर्ट टाइप केला. चार ठिपक्यांची आकृती, बोल्ट, खुणा, हात. शेवटी एक ओळ होती: तपासणीपूर्वी गाडी आमच्याकडे धुतली गेली, त्यामुळे काही पुरावा नष्ट झाला, ही आमची चूक आहे. 'आमची' असंच होतं. मी म्हणालो, "मॅडम, माझं नाव घाला." त्या म्हणाल्या, "वर्कशॉपचा रिपोर्ट आहे. तुमची आत्मकथा नाही." मला त्या कधी रागावल्या नाहीत. आठवडाभर प्रत्येक धडकलेल्या गाडीखाली मात्र मलाच झोपवलं, चिखलासकट.

नामदेव महिन्याभराने तीच जीप घेऊन आला. नोकरी शाबूत होती. त्याने गुळाच्या दोन ढेपी आणल्या होत्या, एक मॅडमना आणि एक मला. मला का, हे मी विचारलं नाही. तो म्हणाला, "आता हात सरळ हायेत बगा," आणि दोन्ही हात पुढे करून दाखवले.

वर्षभरात मला नोकरी लागली, खरोखरच्या कॉम्प्युटरची. निरोपाच्या दिवशी मॅडमनी मला एक पोलादी पट्टी दिली. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत माझ्या टेबलावर ती बरीच वर्षं होती. कोणी विचारलं तर मी सांगत असे, प्रोग्राम तपासायला लागते. लोक हसत. मॅडमनी वर्कशॉप सोडल्याचं मला कळलं, कुठे गेल्या ते कळलं नाही. आणि मीही, खोटं कशाला बोलू, शोधलं नाही.

शेवटचं दर्शन झालं ते लोणी काळभोरला. कंपनीने मला एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलं निवडायला पाठवलं होतं. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात यादी. कॉलेज तेच आहे हे गेटमधून आत जाईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पहिली फेरी उरकली आणि मी पाय मोकळे करायला वर्कशॉपच्या बाजूला गेलो. आतून आवाज आला, "काहून बाप्पा हे असं?"

ती जीप होती. रंग उडालेली, मागे ढकलून ठेवलेली. भोवती तीस-चाळीस मुलं-मुली. फरशीवर चार ठिपके. मेश्राम मॅडमचे केस आता पांढरे झाले होते, अंबाड्यातली पेन्सिल तशीच. मी मागच्या ओळीत उभा राहिलो. त्यांनी एक जुना, प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद वर धरला. लांबूनही मी तो ओळखला. माझ्या मशीनचा कागद, हिरवे आकडे आता फिक्कट. खालची, सही असायची ती पट्टी पात्याने सरळ कापून टाकलेली होती. पोलादी पट्टी लावून कापल्याशिवाय एवढी सरळ कड येत नाही.

"यातला एकही आकडा खोटा नाही," त्या सांगत होत्या. "तरी या कागदाने एका माणसाची नोकरी गेली असती."

पुढच्या ओळीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, रिपोर्ट कोणी काढला होता?"

मॅडमनी मान वर केली आणि त्यांना मागच्या ओळीत मी दिसलो. एवढ्या वर्षांनी, पट्ट्यासकट, पोटासकट. ओळख पटायला त्यांना नेहमीसारखा थोडा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "होता एक चांगला माणूस. त्याने गाडी आधी धुतली, बाकी काही नाही."

मुलं हसली. त्या पुढच्या मुद्द्याकडे वळायला निघाल्या होत्या. ती कापलेली कड मला दिसत होती, आणि ती माझ्यासाठी किती वर्षं जपली होती तेही.

मी हात वर केला. "मी काढला होता," मी म्हणालो.

तीस-चाळीस माना माझ्याकडे वळल्या. मॅडमनी माझ्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि तो माझ्याकडे धरला.

"या देवधर, पुढे या," त्या म्हणाल्या. "पुढचं तुम्हीच सांगा."